औषधाची पेटी कुणाच्या डोक्यावर होती?

१८४४ च्या फेब्रुवारीत, आजच्या दक्षिण आफ्रिकेतल्या माबोत्सा या ठिकाणी, एका सिंहाने मिशनरी-डॉक्टर डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा डावा दंड जबड्यात धरला आणि त्याला खाली आपटले. पुढे हा प्रसंग पुस्तकांतून आणि चित्रांतून इतका फिरला की, मिशनरी म्हटला की त्याच्या अंगावर सिंह हवाच, अशी वाचकांची समजूत झाली. या प्रसंगातला निर्णायक माणूस मात्र मागेच राहिला. त्याचे नाव मेबाल्वे. हा आफ्रिकी शिक्षक बंदूक रोखून पुढे धावला. बंदुकीचे दोन्ही बार फुसके निघाले, पण तेवढ्याने सिंह लिव्हिंग्स्टनला सोडून मेबाल्वेवर उलटला आणि त्याच्या मांडीला चावला. तिसरा एक माणूस भाला घेऊन मध्ये पडला, तोही जखमी झाला. त्यानंतर आधी लागलेल्या गोळ्यांनी सिंह कोसळला. जखमी तिघे झाले, गोष्ट एकाचीच उरली. एकोणिसाव्या शतकात पूर्व आणि मध्य आफ्रिकेच्या रानात राहिलेल्या मिशनऱ्यांचे दैनंदिन जीवन वाचताना हाच प्रकार पुन:पुन्हा आढळतो. माझे म्हणणे असे की, त्यांच्या आयुष्यातले खरे साहस शिकारीचे नव्हतेच. ते ओझ्याचे, तापाचे, कापडाचे आणि वाटेचे होते, आणि त्याचा निकाल बहुतेक वेळा मिशनऱ्याच्या हाती नसून त्याचे सामान वाहणाऱ्यांच्या हाती होता.

आधी ओझ्याचे पाहू. किनाऱ्यापासून आतल्या सरोवरांपर्यंतच्या मुलखाच्या मोठ्या पट्ट्यात त्सेत्से माशी होती. ती चावली की बैल-घोडे खंगून मरत. लंडन मिशनरी सोसायटीच्या रॉजर प्राइसने १८७६ मध्ये झांझिबारसमोरच्या सादानीपासून म्प्वाप्वापर्यंत बैलगाड्या नेता येतील का, ते पाहिले आणि त्याला आशा वाटली. पुढल्या वर्षी गाड्या प्रत्यक्ष निघाल्या, आणि बैल मेले. हे का होते, याचा उलगडा डेव्हिड ब्रूसने १८९५ च्या सुमारास केला. तोपर्यंत, आणि नंतरही बराच काळ, मिशनऱ्याचे बायबल, त्याचा साबण, त्याचा तंबू, छापखान्याचे खिळे, सगळे माणसाच्या डोक्यावरूनच जायचे. न्यासा सरोवरावर चालवायची ‘इलाला’ नावाची आगबोट १८७५ मध्ये सुट्या भागांत आणली आणि शिरे नदीच्या धबधब्यांना वळसा घालून ते भाग माणसांनीच वर नेले. शिवाय वाटेत नाणे चालत नसे. चालायचे ते अमेरिकेतून येणारे कोरे ‘मेरिकानी’ कापड, हिंदुस्थानातून येणारे निळे ‘कानिकी’, पितळी तार आणि काचेचे मणी. मण्यांचा रंग गावोगाव बदलायचा. एका गावात ज्याला किंमत, त्याला पुढच्या गावात कुणी हात लावत नसे. म्हणजे धर्मोपदेशकाला आधी कापडाचा व्यापारी व्हावे लागे, तेही झांझिबारच्या गुजराती-कच्छी पेढ्यांच्या उधारीवर. १८७१ च्या ऑक्टोबरात लिव्हिंग्स्टन उजिजीला परतला, तेव्हा त्याच्यासाठी आलेला माल ज्याच्या स्वाधीन केला होता, त्याने तो विकून टाकलेला होता. स्टॅन्ली तिथे येऊन पोचला ती प्रसिद्ध भेट झाली, तेव्हा डॉक्टरसाहेब जवळजवळ निष्कांचन होते. भेटीचे नाट्य सगळ्यांना पाठ आहे. गोदामाच्या हिशेबाचे नाट्य कुणी रंगवलेले नाही.

काम तरी कसले? अलेक्झांडर मॅके हा चर्च मिशनरी सोसायटीचा स्कॉटिश इंजिनिअर १८७८ मध्ये युगांडाला पोचला. राजा मुतेसाच्या आईचे निधन झाले तेव्हा, १८८२ मध्ये, त्याला शवपेटी करण्याचे फर्मान आले. आत एक लाकडाची, तिच्याभोवती तांब्याची आणि बाहेर घराएवढी तिसरी. प्रवचनाने जे वजन मिळाले नव्हते, ते सुतारकामाने मिळाले. मुंगी-वाळवी हा तर रोजचाच त्रास. आणि १८७२ च्या सुमारास ब्राझीलहून अंगोलाच्या किनाऱ्यावर आलेली, पायाच्या बोटांत शिरून अंडी घालणारी एक पिसू पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत खंडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली. ती काट्याने किंवा सुईने अलगद, न फोडता काढावी लागे. अशा गोष्टींना अहवालात जागा मिळत नाही, कारण पिसवेच्या वर्णनाने वर्गणी गोळा होत नाही.

ताप मात्र लपवता येण्यासारखा नव्हता. जुलै १८५९ मध्ये हेल्मोर आणि प्राइस ही दोन मिशनरी कुटुंबे कुरुमानहून लिन्यांतीकडे निघाली. वाटेत जन्मलेले तान्हे मूल धरून युरोपीय नऊ होते. १८६० मध्ये काही महिन्यांतच त्यांतले सहा गेले. रॉजर प्राइस आणि हेल्मोरची दोन मुले तेवढी उरली. बरोबरचे काही त्स्वाना सोबतीही दगावले, हे इथे मुद्दाम सांगायला हवे, कारण ‘आफ्रिकी माणसाला हा ताप बाधत नाही’ ही त्या काळची समजूत त्यातूनच खोटी ठरते. दक्षिणेच्या कोरड्या माळावरून आलेल्या माणसाला दलदलीचा ताप तितकाच परका होता. दोन वर्षांनी, जानेवारी १८६२ मध्ये, बिशप मॅकेन्झी लिव्हिंग्स्टनच्या मंडळींना भेटायला रुओ आणि शिरे नद्यांच्या संगमाकडे निघाला. वाटेत होडी उलटली आणि क्विनाइनसकट औषधे पाण्यात गेली. ३१ जानेवारीला तो एका बेटावर तापाने वारला आणि त्याचा सोबती बरप तीन आठवड्यांनी. १८६७ च्या जानेवारीत दोन याओ हमाल सामान घेऊन पसार झाले, तेव्हा त्या सामानात लिव्हिंग्स्टनची औषधाची पेटी होती. पुढे वर्षानुवर्षे त्याची प्रकृती ढासळत गेली.

इथे एक रास्त आक्षेप निघतो. माणसे वाचली ती क्विनाइनने, आणि क्विनाइन ही युरोपची देणगी. मग सगळे श्रेय हमालांना कसे? क्विनाइनचे महत्त्व नाकारण्यात अर्थ नाही. लिव्हिंग्स्टनने क्विनाइन, रेवाचिनी, जलाप आणि कॅलोमेल यांच्या गोळ्या ठरवून त्या वेळेवर दिल्या, म्हणून त्याच्या झांबेझी मोहिमेतली बरीच माणसे जगली. (सिंकोनाची साल दक्षिण अमेरिकेतून आली, तेव्हा देणगी नेमकी कुणाची, हा वाद वेगळा.) पण औषध ठाऊक असणे आणि ते ताप चढेल त्या रात्री हाताशी असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मॅकेन्झीला औषध ठाऊक होते. आणि ताप येतो कशाने, हे तर कुणालाच ठाऊक नव्हते. दूषित हवेने येतो असे मानून मिशन सोयीच्या पाणकाठावर घरे बांधत राहिले. लिव्हिंग्स्टोनिया मिशनने १८७५ मध्ये केप मॅक्लिअरला सरोवराच्या अगदी काठावर वस्ती केली. तिथली थडगी वाढली, तेव्हा १८८१ मध्ये बांडावेला आणि १८९४ मध्ये खोंडोवेच्या उंच पठारावर मुक्काम हलवला. सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसने डासाचा संबंध दाखवला तो १८९७ मध्ये. म्हणजे या मिशनच्या रॉबर्ट लॉजने पठार निवडले ते विज्ञानाने सांगितले म्हणून नव्हे, तर वीस वर्षे माणसे पुरल्यावर.

आता हे ओझे वाहणारे कोण होते ते पाहू. त्यासाठी जायचे नाशिकच्या शरणपूर रोडला. त्याला ज्या वस्तीवरून नाव पडले, तिथे चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइसच्या देखरेखीखाली सुटका झालेल्या आफ्रिकी मुलांसाठी आश्रम होता. अरबी समुद्रात इंग्रज आरमार गुलामांची गलबते पकडी, त्यांतली काही मुले मुंबईला उतरवली जात आणि तिथून नाशिकला येत. लोहारकी, सुतारकी, अक्षरओळख, बाप्तिस्मा आणि इंग्रजी नाव. १८६४ मध्ये लिव्हिंग्स्टन ‘लेडी न्यासा’ ही आपली छोटी आगबोट झांझिबारहून हाकत मुंबईला आला, तेव्हा त्याने चुमा आणि विकतानी या दोन याओ मुलांना डॉ. जॉन विल्सनच्या शाळेत ठेवले. त्याच्याबरोबर आलेले सुसी आणि आमोडा गोदीत कामाला लागले. पुढच्या मोहिमेसाठी त्याने शरणपूरचे नऊ तरुण घेतले आणि १८६६ मध्ये ते आफ्रिकेत उतरले. १८७२ मध्ये त्याला येऊन मिळालेल्या कुमकेतही नाशिकचे तरुण होते. जेकब वेनराइट त्यांतलाच. १ मे १८७३ ला आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. त्याचे काळीज सोबत्यांनी तिथेच झाडाखाली पुरले, मिठाने आणि उन्हाने देह सुकवला, सालीत आणि कापडात गुंडाळून काठीला बांधला आणि सुमारे दीड हजार मैल वाहून फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयोच्या किनाऱ्यावर आणला. वाटेत भेटलेल्या कॅमेरॉन या इंग्रज अधिकाऱ्याने देह इथेच पुरा असे सुचवले, ते त्यांनी मानले नाही. काळीज पुरताना प्रार्थना वाचली ती वेनराइटने, आणि झाडावर लेख कोरला तोही त्यानेच. वेस्टमिन्स्टर अॅबीत १८ एप्रिलला शवपेटीला खांदा देणाऱ्यांत मराठी मुलखात लिहायला शिकलेला हा एक आफ्रिकी होता.

यावर मिशनचा कैवारी म्हणेल, मग हे श्रेय मिशनचेच झाले. शरणपूर नसते तर वेनराइटही नसता. हे अर्धे खरे. पण लिव्हिंग्स्टनच्याच नोंदी वाचल्या तर नाशिकच्या पोरांविषयी त्याची तक्रार संपत नाही: आळशी आहेत, मागे रेंगाळतात, जनावरांना नीट सांभाळत नाहीत. कारखान्यात हातोडा धरायला शिकवलेल्या मुलांना अचानक रानवाटेने चालायला लावले, हे त्यातले उघड कारण त्याला फारसे सुचत नाही. नवांपैकी कुणी वारले, कुणी सोडून गेले. एडवर्ड गार्डनर शेवटपर्यंत राहिला. म्हणजे त्या मुलांना मिशनने तयार केले खरे, पण मिशनने आखलेल्या साच्यात ती बसली नाहीत. दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: हे लोक पगारासाठी चालत होते, त्यांना नायक का करावे? पगारासाठी चालत होते, यात मला तरी कमीपणा दिसत नाही. मिशनरीही वेतनावरच असे, त्याचे वेतन लंडनहून येई इतकेच. आणि पळून जाणे हीसुद्धा एक मतनोंदणी होती. ज्या मुखियाच्या मुलखात लढाई पेटली आहे, जिथे अन्न नाही, तिथे जायला हमाल नकार देत, आणि पुष्कळदा तो नकार मालकाच्या नकाशापेक्षा शहाणा ठरे. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन युगांडाकडे पुढे गेला आणि मारला गेला. मागे ठेवलेला तांडा किनाऱ्याला सुखरूप परत आणला तो विल्यम जोन्सने. तोही शरणपूरचाच.

राहिला पुराव्याचा प्रश्न. मिशनऱ्यांची पत्रे वर्गणीदारांसाठी लिहिलेली, त्यांवर विसंबायचे कसे? सांगण्याच्या हेतूने लिहिलेल्या भागावर कमी विसंबावे आणि ओघात आलेल्या तपशिलावर जास्त, असा माझा नियम आहे. वाघ-सिंहाच्या वर्णनात अतिशयोक्ती असेल, मण्यांच्या यादीत कशाला असेल? १८७१ मध्ये कागद संपल्यावर लिव्हिंग्स्टनने जुन्या वर्तमानपत्रावर, रानातल्या रंगाची शाई करून टिपणे लिहिली. ती पुसट पाने अलीकडे विशेष प्रकाशझोतांत वाचली गेली, तेव्हा होरेस वॉलरने १८७४ मध्ये संपादून छापलेल्या रोजनिशीशी ती ठिकठिकाणी जुळत नाहीत, असे दिसले. बरोबरच्या माणसांविषयीचा त्याचा राग, त्या वर्षी त्याने पाहिलेल्या न्यांग्वेच्या कत्तलीविषयीची अस्वस्थ वाक्ये, बरेच काही सौम्य झाले होते. त्याच पुस्तकाच्या शेवटच्या भागाची माहिती चुमा आणि सुसी यांनी तोंडी पुरवली. शीर्षकपृष्ठावर त्यांचा उल्लेख आहे, पण ‘विश्वासू नोकर’ म्हणून. ती माणसे अनाम होती, त्यांची नोंदच कुणी ठेवली नव्हती, अशी सबब नंतरच्या चरित्रकारांनी बऱ्याचदा पुढे केली. पण देह वाहून आणणाऱ्यांसाठी लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने साठ पदके पाडली आणि त्यांवर एकेकाचे नाव कोरले. पदके झांझिबारला पोचली तोवर बरीच माणसे पांगली होती, त्यामुळे अनेकांच्या हाती ती कधी पडलीच नाहीत. यादी मात्र तयार होती.