कथा दुसऱ्यांदा लिहिताना



कथा लिहून झाली की आपण खाली एक रेघ मारतो, 'समाप्त' लिहितो आणि वही बाईंच्या टेबलावर ठेवून मोकळे होतो. खरे तर लेखनाचे निम्मे काम तिथूनच सुरू होते. पहिल्यांदा लिहिताना गोष्ट काय आहे हे आपले आपल्याला उमगत असते. ती वाचणाऱ्याला उमगावी म्हणून दुसऱ्यांदा लिहायची. यालाच पुनर्लेखन म्हणतात.

मोठमोठ्या लेखकांनाही हे चुकलेले नाही. टॉलस्टॉय यांची 'युद्ध आणि शांती' ही कादंबरी १८६९ साली पूर्ण झाली. त्यांच्या पत्नी सोफिया हस्तलिखिताची स्वच्छ प्रत हाताने करीत आणि टॉलस्टॉय त्याच प्रतीवर पुन्हा खाडाखोड करीत. अर्नेस्ट हेमिंग्वे यांनी १९५८ साली छापलेल्या एका मुलाखतीत सांगितले, की 'अ फेअरवेल टू आर्म्स'चे शेवटचे पान मनासारखे होईपर्यंत त्यांनी ३९ वेळा लिहिले. या कादंबरीच्या २०१२ सालच्या आवृत्तीत तर त्यांच्या कागदपत्रांत सापडलेले ४७ शेवट दिले आहेत.

मग आपण काय करावे? कथा लिहून झाल्यावर वही चार दिवस मिटून ठेवा. लगेच वाचली तर कागदावर नसलेलेही आपल्याला दिसते, कारण ते मनात ताजे असते. चार दिवसांनी ती मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते, तिथे वाचणाराही अडखळणार. तिथे पेन्सिलीने खूण करा.

आता एक उदाहरण पाहू. समजा, आपण लिहिले: 'दादा नोकरीसाठी पुण्याला गेला. सर्वांना खूप वाईट वाटले. घर सुने सुने वाटू लागले.' यात चूक काहीच नाही. पण हे कोणत्याही घराबद्दल लिहिता येईल. आता हे वाचा: 'दुसऱ्या दिवशी आईने सवयीने चार ताटे मांडली. मग एक उचलून परत मांडणीवर ठेवले. कोणी काही बोलले नाही.' इथे 'वाईट वाटले' हे शब्द कुठेच नाहीत, तरी ते वाचणाऱ्याला कळते. 'खूप', 'अतिशय', 'दुःखी', 'आनंदी' असे शब्द दिसले की थांबा आणि विचारा: तेव्हा त्या माणसाने नेमके काय केले?

मग कथेची दोन्ही टोके तपासा. पुष्कळदा सुरुवातीचा परिच्छेद सूर्योदय आणि पक्ष्यांचा किलबिलाट यातच जातो आणि गोष्ट खरी सुरू होते दुसऱ्या परिच्छेदात. तसे असेल तर पहिला परिच्छेद खुशाल काढा. शेवटी तात्पर्य लिहिले असेल, तर तेही झाकून कथा वाचून पाहा. कथेतून ते आपोआप कळत असेल, तर वेगळे सांगण्याची गरज नाही. ऱ्हस्व-दीर्घ मात्र सर्वांत शेवटी पाहावे. जे वाक्य उद्या काढायचे आहे, त्याची वेलांटी आज दुरुस्त करून काय उपयोग?

संवादांबाबत आपल्या बेळगावकरांना थोडे जास्त जपावे लागते. कथेतली आजी निघालेल्या नातवाला 'जाऊन ये की रे' म्हणत असेल, तर तिला तसेच म्हणू द्या. 'सुखरूप जाऊन परत ये' असे पुस्तकी वाक्य तिच्या तोंडी घातले, तर भाषा प्रमाण होईल, पण आजी हरवेल. निवेदन प्रमाण मराठीत असावे, बोलणे मात्र ज्याचे त्याचे असावे. जी. ए. कुलकर्णी बेळगावात शिकले आणि पुढे धारवाडला इंग्रजीचे प्राध्यापक होते. साहित्य अकादमीने १९७३ साली पुरस्कारासाठी निवडलेल्या 'काजळमाया'तल्या कथा त्यांनी आपल्या याच भागात राहून लिहिल्या. तेव्हा आपली मराठी सीमेवरची म्हणून उणी, असे कोणी मनात आणू नये.

पालकांना एक विनंती. मुलाची कथा जरूर वाचा, पण हातात पेन घेऊ नका. चार्ल्स डिकन्स यांनी 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चा शेवट १८६१ साली आपले लेखकमित्र बुल्वर-लिटन यांच्या सांगण्यावरून बदलला. मित्राने मत दिले, नवा शेवट मात्र डिकन्सनीच लिहिला. आपणही एवढेच सांगावे: 'इथे मला कळले नाही', 'इथे मला पुढे काय होणार याची उत्सुकता वाटली.' आपण दुरुस्त केलेली कथा कदाचित बक्षीस मिळवील. पण त्यातून मूल एवढेच शिकेल, की आपली मराठी पुरेशी चांगली नाही. जिथे मराठी शाळेत मूल घालणे हाच विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो, तिथे ही किंमत फार मोठी आहे.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे एक सूचना ठेवावीशी वाटते. शाळेच्या कथास्पर्धेत स्वच्छ प्रतीबरोबर पहिला कच्चा खर्डाही मागवावा आणि काही गुण दोन्हींमधल्या फरकाला द्यावेत. मग खाडाखोड केलेले पान लपवावे असे मुलांना वाटणार नाही, आणि कथा कोणी लिहिली हा प्रश्नही उरणार नाही.