आयब्रो करताना

आयब्रोसाठी पार्लरमध्ये सुती दोरा वापरतात. त्याला मधे काही पीळ दिलेले असतात. एक बाजू फाकवली की पीळ सरकतो आणि वाटेत आलेले केस मुळासकट ओढतो. डोळा मिटून एका हाताने पापणी खाली आणि दुसऱ्याने कपाळ वर ताणायला सांगतात, ते उगाच नाही. कातडी सैल राहिली तर दोऱ्यात चिमटते, कधी कापतेही. दोऱ्याचं टोक दातात धरण्याऐवजी गळ्याला बांधायला सांगावं आणि दोरा दरवेळी नवा घ्यायला लावावा. मुरुमांसाठी रेटिनॉइड क्रीम लावत असाल तर भुवयांना वॅक्स नकोच. त्वचेचं साल निघू शकतं.

आकार ठरवायला पेन्सिल पुरते. नाकपुडीच्या कडेला ती उभी धरली की वर टेकते तिथे भुवईची सुरुवात. तिथूनच डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून तिरकी धरली की शेवट.

डोक्यावरचा केस साधारण 2 ते 6 वर्षं वाढत राहतो, भुवईचा जेमतेम महिना-दोन महिने. म्हणून भुवया लांबत नाहीत. मात्र वर्षानुवर्षं एकाच जागचे केस उपटले तर काही पुन्हा उगवतच नाहीत; बारीक भुवयांची हौस जपून करावी.

नंतर कापडात गुंडाळलेला बर्फ फिरवावा. त्या दिवशी स्क्रब आणि मेकअप टाळावा. पू धरलेल्या पुटकुळ्या आल्या तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं. भुवयांची बाहेरची टोकं आपोआप विरळ होत असतील तर थायरॉइड तपासून घ्यावं.