तंजावरच्या किल्ल्यातली लुथेरन मंडळी

रामटेकचा गड आणि नागपूरकर भोसले यांचं नातं विदर्भात कुणाला सांगावं लागत नाही. भोसले आडनावाचं आणखी एक राजघराणं, शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांचं, थेट कावेरीकाठी तंजावरला नांदलं. त्याच्या आश्रयाला एक लुथेरन मंडळी वाढली, हे मात्र मराठी वाचकाला फारसं ठाऊक नसतं. रामटेकहून सातपुडा ओलांडला की छिंदवाडा-बैतुलकडे स्वीडनच्या मिशनऱ्यांनी उभ्या केलेल्या लुथेरन मंडळ्या आहेत. पण त्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या. तंजावरची मंडळी त्याहून शंभर वर्षांनी जुनी, आणि तिच्या घडणीत मराठी माणसं ठायी ठायी दिसतात.

या मंडळीचं मूळ डेन्मार्कच्या ताब्यातल्या तरंगंबाडी बंदरात आहे. डेन्मार्कच्या राजाने पाठवलेले झिगेनबाल्ग आणि प्लुत्शाउ हे दोन जर्मन पाळक १७०६ च्या जुलैत तिथे उतरले. माणूस देवापुढे निर्दोष ठरतो तो कृपेने आणि विश्वासाने, पुण्याच्या साठ्याने नव्हे, ही मार्टिन लूथर यांची शिकवण त्यांनी सोबत आणली. संस्कार दोनच, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. भोजनातल्या भाकरी-द्राक्षारसासोबत ख्रिस्त खरोखर उपस्थित असतो, अशी लुथेरनांची श्रद्धा. लूथर यांनी १५२९ मध्ये घरच्या माणसांसाठी लिहिलेली छोटी प्रश्नोत्तरी, म्हणजे दहा आज्ञा, विश्वासाचा अंगीकार, प्रभूची प्रार्थना आणि हे दोन संस्कार, पोरासोरांनाही तोंडपाठ हवी. आणि शास्त्र ज्याला त्याला आपल्या भाषेत वाचता यायला हवं. या शेवटच्या आग्रहातून पुढचं सगळं निघालं. तरंगंबाडीत छापखाना आला, तमिळ नवा करार छापला गेला, आणि जिथे मंडळी तिथे शाळा हा रिवाज पडला. १७३३ मध्ये आरोन या तमिळ उपदेशकाला पाळकपदाची दीक्षा मिळाली. भारतातल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांचा तो पहिला देशी पाळक.

तंजावरात मंडळी रुजवली ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांनी. जन्म १७२६, प्रशियातला; १७५० मध्ये भारतात आले ते परत गेलेच नाहीत. लग्न केलं नाही. तमिळ तर आत्मसात केलीच, पण दरबाराशी बोलायचं म्हणून मराठीही शिकले. १७७९ मध्ये शिवगंगा किल्ल्यात, बृहदीश्वराच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर, त्यांनी चर्च बांधलं. त्याच वर्षी मद्रासच्या इंग्रजांना हैदरअलीकडे बोलणी करायला माणूस हवा होता. हैदरने भरवसा ठेवला तो या पाळकावर. पुढे हैदरच्या स्वारीत तंजावर मुलूख उजाड झाला, दुष्काळ पडला. साठवलेल्या तांदळातून श्वार्ट्झ यांनी भुकेल्यांना खाऊ घातलं. पळून गेलेली कुळं राजाच्या शब्दावर परतेनात. श्वार्ट्झ यांनी शब्द दिला तेव्हा हजारोंनी परतली. प्रवचनापेक्षा या शब्दाची पत मोठी होती, असं मला वाटतं.

मंडळीची शिस्त मात्र कडक होती. तंजावरच्या एका मराठी ब्राह्मण विधवेची हकिगत त्यासाठी सांगायला हवी. सती जाण्यापासून तिला एका इंग्रज अधिकाऱ्याने वाचवलं, अशी परंपरागत कथा आहे. त्याच्यासोबत ती राहत होती. तिने बाप्तिस्मा मागितला तेव्हा, हे लग्नाविना राहणं आहे, म्हणून श्वार्ट्झ यांनी नकार दिला. तो अधिकारी वारल्यावर १७७८ मध्ये तिरुनेलवेलीजवळच्या पाळयंकोट्टै इथे तिचा बाप्तिस्मा झाला आणि ती क्लोरिंडा झाली. तिथल्या मंडळीची १७८० ची नोंदवही उघडते ती तिच्याच नावाने. वहीत नावं सारी चाळीस. तिच्या पुढाकाराने तिथे चर्च उभं राहिलं आणि १७८५ मध्ये श्वार्ट्झ यांनी ते उपासनेसाठी खुलं केलं. तिरुनेलवेली भागातल्या मोठ्या ख्रिस्ती समाजाची सुरुवात एका मराठी बाईने केली, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत असायला हवी होती.

तंजावरच्या तुळजाराजांनी १७८७ मध्ये, मरणापूर्वी, दत्तक पुत्र सरफोजी याला श्वार्ट्झ यांच्या हवाली केलं. गादी मात्र तुळजाराजांचा सावत्र भाऊ अमरसिंग याच्याकडे गेली. मुलाच्या जिवाची काळजी वाटून श्वार्ट्झ यांनी त्याला मद्रासला हलवलं, शिक्षण दिलं, त्याच्या हक्कासाठी कंपनीशी पत्रव्यवहार केला. १७९८ च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ गेले आणि त्याच वर्षी सरफोजीराजे गादीवर बसले. राजे अखेरपर्यंत शिवभक्त राहिले. गुरूच्या स्मारकासाठी त्यांनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी शिल्प घडवून घेतलं, थडग्यासाठी इंग्रजीत कविता स्वतः लिहिली. त्यांच्याच छापखान्यात ईसपनीतीचं मराठी भाषांतर ‘बालबोधमुक्तावली’ छापलं गेलं. धर्म न बदलताही माणूस गुरूचं ऋण किती मोकळेपणाने मानू शकतो, हे सरफोजींकडे पाहून कळतं.

राजांचा सहाध्यायी वेदनायगम शास्त्री हा या मंडळीचा कवी. जन्म १७७४, तिरुनेलवेलीचा. बाराव्या वर्षी श्वार्ट्झ त्याला घेऊन आले. त्याने ‘बेथलेहेम कुरवंजी’ रचली. कुरवंजी हा जिप्सी भविष्यवेत्तीचा नाट्यप्रकार मराठा दरबारात लाडका होता, तोच त्याने ख्रिस्तकथेला दिला. जर्मन चालींवर बेतलेल्या गीतांशेजारी कर्नाटक रागांतली पदं उपासनेत आली. सणाला वेदीवर फुलं असत.

या सुंदर चित्रात एक मोठा डाग होता. चर्चमध्ये वरच्या जातीचे वेळ्ळाळ एका बाजूला बसत, परयर म्हणजे आजचे दलित दुसऱ्या बाजूला. श्वार्ट्झ यांनी ते चालू दिलं. काळाच्या ओघात जाईल, अशी त्यांची आशा. ते गेलं नाही. १८२५ नंतर मंडळी अँग्लिकन मिशनच्या हाती आली. नव्या मिशनऱ्यांनी बसण्यातला भेद मोडायला घेतला, आणि त्याच दमात तमिळ पदं, फुलं आणि आधीच्या पिढीतले मिशनरी फाब्रिशियस यांचं जुनं लाडकं तमिळ बायबल-भाषांतरही बाजूला सारलं. शास्त्री चिडून उठला. पदांबद्दल तो बरोबर होता, बाकांबद्दल पूर्ण चूक. जो धर्म कृपेपुढे सगळे सारखे रिकाम्या हाताचे आहेत असं सांगतो, त्याच्या प्रभुभोजनाला दोन रांगा लागूच शकत नाहीत. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी जातिभेद तत्काळ बंद करण्याचा हुकूम काढला, तेव्हा अनेकांनी चर्च सोडलं. पुढे लाइपझिगचे लुथेरन मिशनरी आले आणि दुरावलेल्यांपैकी बरेच त्यांच्याकडे वळले. जातीबाबत त्यांचं धोरण सौम्य होतं. म्हणजे लुथेरन नाव तमिळ देशात टिकलं, त्यात निष्ठेचा वाटा होता तसा जातीचाही होता. हे कटू आहे, पण मंडळीवर प्रेम असणाऱ्यानेच ते आधी मान्य करायला हवं.

१४ जानेवारी १९१९ रोजी तमिळ इव्हँजेलिकल लुथेरन चर्च स्वतंत्रपणे स्थापन झालं. त्याचं मुख्यालय तिरुचिरापल्लीत आहे. श्वार्ट्झ यांचं किल्ल्यातलं चर्च मात्र अँग्लिकन वारशाने आज दक्षिण भारताच्या चर्चकडे आहे. महाराष्ट्रातून तंजावरला जाणारे लोक बृहदीश्वरावरचा भोसल्यांचा मराठी शिलालेख बघतात, सरस्वती महाल ग्रंथालय बघतात आणि गाडीत बसतात. त्यांनी शिवगंगा तळ्याकडे वळून हे चर्चही बघावं, आणि फ्लॅक्समनच्या शिल्पात मरणशय्येवरच्या गुरूचा हात धरून उभे असलेले आपले सरफोजीराजे पाहूनच परतावं.