फुप्फुसांतील गुठळी कशी ओळखतात?

धाप लागलेला रोगी इस्पितळाच्या तातडीच्या विभागांत आला म्हणजे डॉक्टरांपुढें पहिला प्रश्न उभा राहतो : ही धाप कशाची? दमा असेल, न्यूमोनिया असेल, हृदयविकार असेल किंवा निव्वळ घबराटहि असेल. परंतु कधीं कधीं पायाच्या खोल शिरेंत रक्ताची गुठळी धरते, ती सुटून हृदयाच्या उजव्या बाजूनें पुढें जाते व फुप्फुसाच्या धमनींत अडकते. बर्लिनचे रुडॉल्फ फिरशो यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा संबंध दाखवून दिला.

उपचार न झाल्यास काय होतें, हें ब्रिस्टल येथील बॅरिट व जॉर्डन यांच्या १९६० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगानें स्पष्ट केलें. रक्त गोठूं न देणारें औषध ज्यांना दिलें नव्हतें अशा १९ रोग्यांपैकीं ५ जण या गुठळीनेंच दगावले. औषध दिलेल्या १६ जणांपैकीं या कारणानें एकहि नाहीं.

मग सर्वांचाच सी. टी. स्कॅन कां करूं नये, असें सुज्ञ श्रोता विचारील. त्या तपासणींत शरीरावर क्ष-किरण पडतात, शिरेंतून टोचलेलें द्रव्य दुबळ्या मूत्रपिंडांना बाधूं शकतें, आणि नगण्य गुठळीवर विनाकारण औषध सुरू झालें तर रक्तस्रावाचें भय असतें. म्हणून यंत्राच्या आधीं संशयाचें वजन करावें लागतें.

कॅनडांतील डॉ. फिलिप वेल्स यांच्या नांवाची गुणपद्धति याच कामाची आहे. पाय सुजून दुखत असल्यास ३ गुण. दुसरा रोग गुठळीपेक्षां अधिक संभवनीय वाटत नसल्यास ३. नाडी मिनिटाला १०० च्या वर असणें, गेल्या चार आठवड्यांत शस्त्रक्रिया किंवा अंथरुणाला खिळणें, आणि पूर्वीं अशी गुठळी झालेली असणें, यांना प्रत्येकीं दीड. थुंकींतून रक्त व कर्करोग यांना एकेक. बेरीज ४ च्या वर गेल्यास थेट स्कॅन. एरवीं प्रथम डी-डायमर नांवाची रक्ततपासणी. गुठळी विरघळतांना रक्तांत उतरणारे अवशेष ती मोजते. तिची नेहमींची मर्यादा ५०० नॅनोग्रॅम. पन्नाशीनंतर वयाची दहापट धरतात.

समजा, ६२ वर्षांच्या गृहस्थांची नाडी १०८ आहे, बाकी कांहीं नाहीं, गुण दीड. आंकडा ५८० आला तरी तो ६२० च्या आंत असल्यानें स्कॅन टळतो. उलट, तीन आठवड्यांपूर्वीं मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेल्या, एक पाय सुजून दुखणाऱ्या व नाडी ११० असलेल्या बाईंचे गुण निदान ६ होतात. तेथें डी-डायमरसाठीं खोळंबण्यांत अर्थ नाहीं. शस्त्रक्रियेनंतर तो बहुधा वाढलेलाच असतो, आणि कमी आला तरी इतका प्रबळ संशय फिटत नाहीं. स्कॅनला विलंब होणार असेल तर रक्तस्रावाचा धोका पाहून औषध आधींच सुरू करतात.

हे गुण डॉक्टर मांडतात. पण त्यांची निम्मी सामग्री घरच्यांच्या तोंडीं असते. अलीकडची शस्त्रक्रिया, लांबलेलें अंथरूण, एकाच पायाची सूज, पूर्वींची गुठळी आणि, गुणांत नसल्या तरी, गर्भनिरोधक गोळ्या यांची माहिती कोणी विचारण्यापूर्वींच सांगावी. मात्र घरीं बेरीज करीत बसूं नये. एकाएकीं धाप लागतांच इस्पितळ गांठावें.