परसातील कूष्मांड

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात कोवळे कूष्मांड पित्तघ्न, मध्यम कफकर, तर पक्व फळ लघु, दीपन व बस्तिशोधक सांगितले आहे. एकाच वेलीच्या फळाचे गुण असे अवस्थेनुसार पालटतात. कूष्मांडावलेहास पक्व, जुना कोहळाच ग्राह्य होय. म्हणून पक्ष्यांच्या भीतीने अपक्व फळ खुडणे म्हणजे औषधच गमावणे.

पावसाळ्याच्या आरंभी बी टोकून वेल मांडवावर चढवावी. फळ धरताच त्यास सैल सुती पिशवी बांधावी व वाढीनुसार ती बदलावी. त्यामुळे चोच आणि फळमाशी दोहोंपासून रक्षण होते. नायलॉनची सैल जाळी टाळावी. तीत पक्षी अडकून मरतात. जड फळास शिंक्याचा आधार द्यावा. लव झडून सालीवर पांढरा थर धरला व देठ वाळला, की मगच कोहळा उतरवावा.