येतो म्हणून न आलेले चौघे

इझाबेला रॉड्रिग्ज कॉफीचं दुकान चालवते. १४ फेब्रुवारीला संध्याकाळी ५ ते ७ तिथे पार्टी करायची, एवढंच तिच्या मनात घालून दिलेलं होतं. मग ती भेटेल त्याला बोलावत सुटली. एका मैत्रिणीने दुकान सजवायला मदत केली, आणि मनात भरलेल्या मुलालाही पार्टीला बोलावून घेतलं. आमंत्रणं १२, आले ५. न आलेल्यांपैकी तिघांनी दुसरं काम असल्याचं सांगितलं. उरलेले चौघे ‘यायला आवडेल’ म्हणाले आणि फिरकलेच नाहीत.

हजेरी अगदी आपल्याकडच्या सोसायटीच्या हळदीकुंकवाची! पण यातलं एकही माणूस खरं नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि गूगलच्या संशोधकांनी २०२३ मध्ये संगणकात वसवलेल्या ‘स्मॉलविल’ या गावातल्या २५ पात्रांपैकी हे सगळे.

अशी पात्रं खरी वाटावीत, ही धडपड जुनी आहे. १९८० च्या ‘पॅक-मॅन’मध्ये तोरू इवातानी यांनी चारही भुतांना वेगळे स्वभाव दिले. लाल भूत थेट पाठलाग करतं, गुलाबी पुढे जाऊन वाट अडवू पाहतं, केशरी जवळ आलं की माघार घेतं. नियम दोन-चार ओळींचे, पण खेळणाऱ्याला वाटतं, यांनी आपल्याविरुद्ध कट केलाय. २००० साली आलेल्या ‘द सिम्स’मध्ये विल राइट यांनी याहून गमतीची युक्ती केली. तिथे अक्कल माणसांपेक्षा वस्तूंमध्ये जास्त. फ्रीज ‘भूक भागवीन’ म्हणून हाक घालतो, पलंग ‘झोप देईन’ म्हणतो. पात्र आपली नड पाहून तिकडे वळतं.

स्मॉलविलच्या पात्रांना मात्र आठवणी होत्या. पाहिलं-ऐकलं ते सगळं साध्या वाक्यांत टिपलं जाई आणि प्रत्येक आठवणीला १ ते १० पैकी गुण मिळत. दात घासले, १. प्रेमभंग झाला, १०. काही करायची वेळ आली की जी आठवण ताजी, महत्त्वाची आणि त्या प्रसंगाशी जुळणारी, ती वर येई. मधूनमधून आठवणी चाळून पात्र स्वतःबद्दल, इतरांबद्दल मतही बनवी. त्याची भाषा आणि पुढचा बेत चॅटजीपीटीमागचं भाषा-मॉडेल पुरवत होतं.

फसलं कुठे? वसतिगृहातल्या एकट्याच्या न्हाणीघरात दुसरा खुशाल शिरला. पाचला बंद झालेल्या दुकानांत माणसं जात राहिली. त्याहून मोठी खोट सभ्यतेची. घरात नवरा-बायको बोलत, तेही पाहुण्याशी बोलावं तसं, आणि निरोप घेताना ‘नेहमीप्रमाणे बोलून बरं वाटलं’. इझाबेलाला तर ‘नाही’ म्हणणंच जमेना. पार्टीत शेक्सपिअरचं वाचन ठेवू, असं तिला कुणीतरी सुचवलं. असल्या सूचनांना ती इतका होकार देत गेली, की पुढे इंग्रजी साहित्य आवडतं का, या प्रश्नालाही तिने ‘हो, खूप’ असंच उत्तर दिलं.

न आलेले ते चौघे तिच्याहून खरे वाटतात.