डिझेलची फटफटी : एका उपेक्षित वाहनाचे गुणदोष

पेण आणि रोहा या तालुक्यांतील मोटारसायकलींच्या पाटीवर ‘एमएच ०६’ हीं अक्षरें दिसतात. त्यांच्या नोंदणीचें काम पेणच्या परिवहन कार्यालयाकडे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें खासगी वाहनाची नोंद पंधरा वर्षें चालते. त्यानंतर दर पांच वर्षांनीं वाहन तपासणीस नेऊन आणि पर्यावरण-कर भरून ती पुन्हां नवी करून घ्यावी लागते. जुन्या पेट्रोल बुलेटच्या मालकाला या खटाटोपाचें ओझें वाटत नाहीं. तिला गिऱ्हाईकहि आहे आणि मानहि आहे. परंतु तिच्याच सांगाड्यावर उभी राहिलेली डिझेल एनफील्ड, म्हणजे ‘टॉरस’, ज्याच्या पडवींत आहे, त्याच्यापुढें खरा प्रश्न असतो. ती ठेवावी, कीं मोडींत काढावी? याचें उत्तर द्यावयाचें, तर ही गाडी मुळांत काय आहे, हें अगोदर समजून घेतलें पाहिजे.

‘बुलेट’ हें नांव इंग्लंडांतील रॉयल एनफील्ड कंपनीनें १९३२ सालीं प्रथम वापरलें. १९५५ सालीं मद्रास येथें एनफील्ड इंडिया ही कंपनी निघाली, आणि लष्कराच्या मागणीमुळें या देशांत आलेली बुलेट हळूहळू येथेंच बनूं लागली. इंग्लंडांतील कारखाने १९७० च्या सुमारास बंद पडले. मद्रासची बुलेट मात्र चालूच राहिली. तिचें इंजिन एका सिलिंडरचें, ३४६ घनसेंटिमीटरचें आणि सुमारें १८ अश्वशक्तीचें. तें दमदार खरें, पण पेट्रोल पुष्कळ खाई, आणि हा दोष सामान्य गृहस्थाला सर्वांत अधिक बोचे. त्यावर कंपनीनें जो उपाय योजला, तो टॉरस होय. बुलेटचा सांगाडा, चाकें व गियरपेटी बहुतांशीं तशींच ठेवून तींत ग्रीव्हज-लोंबार्डिनीचें ३२५ घनसेंटिमीटरचें, साडेसहा अश्वशक्तीचें डिझेल इंजिन बसविण्यांत आलें. मूळ रचना इटलीची. आणि या जातीचीं लहान इंजिनें शेतांतील पंपावर दिवसभर एकाच गतीनें राबण्यासाठीं ओळखलीं जात. मोटारसायकलीच्या पोटांत शिरलेलें हें इंजिन स्वभावानें मोटारसायकलीचें नव्हतें, ही गोष्ट ध्यानांत ठेवली म्हणजे पुढचें सारें उलगडतें.

पेट्रोल इंजिनांत हवा आणि इंधन यांचें मिश्रण दाबून त्यावर विजेची ठिणगी टाकतात. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानें १८९७ सालीं जें इंजिन यशस्वी करून दाखविलें, त्यांत ठिणगी नाहीं. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें टोंक हाताला गरम लागतें, हा अनुभव घरोघर आहे. डिझेल इंजिनांत हवा याच रीतीनें, पण फार जोरानें दाबली जाते. जुन्या बुलेटमध्यें हवेचें आकारमान दाबून साधारण साडेसहापट लहान होतें. डिझेलमध्यें तें पंधरा पटींहून अधिक लहान होतें. एवढ्या दाबानें ती इतकी तापते, कीं तींत तेलाचा फवारा सोडतांच तें आपोआप पेट घेतें. टॉरसचे गुण आणि तिचे दोष, दोन्ही याच एका गोष्टीचीं अपत्यें आहेत.

प्रथम गुण पाहूं. अधिक दाबलेल्या हवेंत जळणारें इंधन अधिक काम देतें. म्हणून टॉरस एका लिटरमध्यें ७० किलोमीटरहून अधिक चाले. बुलेटला त्याच्या निम्मी मजल गांठणेंहि पुष्कळ वाटे. पेणहून वडखळ, नागोठणें आणि भिसे खिंड या मार्गानें रोहा सुमारें ४० किलोमीटर आहे. जाऊन येऊन ८० किलोमीटरांना बुलेटला सव्वादोन लिटर पेट्रोल लागे, तर टॉरसला सव्वा लिटर डिझेलहि लागत नसे. शिवाय त्या काळीं डिझेलचा भाव सरकारी धोरणानें पेट्रोलच्या निम्म्याच्या आसपास राखलेला होता. म्हणजे तीच फेरी एक चतुर्थांश खर्चांत होई. पेणच्या बाजारांत रोज दूध घालणारा गवळी किंवा धाटावच्या कारखान्यांत पाळीवर जाणारा कामगार, यांच्या दृष्टीनें हा हिशेब क्षुल्लक नव्हे.

दुसरा गुण कोंकणापुरता विशेष आहे. या भागांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा पावसांत पेट्रोलची गाडी बंद पडली, तर पुष्कळदां दोष ठिणगीच्या साहित्यांत निघतो. प्लग भिजतो, तारेवर ओल चढते. टॉरसला प्लगच नाहीं, तेव्हां भिजण्याचें कारणहि नाहीं. हवा आणि तेल मिळालें, कीं तिचें काम चालू. आणि असलें इंजिन पंपावर वापरांत असल्यामुळें त्याचें अंतरंग जाणणारा मिस्त्री शेतकऱ्यांच्या गांवांत सहज भेटे.

आतां दोष. एवढा दाब सोसावयाचा, तर इंजिनाच्या भिंती जाड आणि गतिचक्र जड हवें. म्हणून गाडी बुलेटहूनहि बोजड झाली. ओझें वाढलें आणि शक्ति मात्र १८ वरून साडेसहा अश्वशक्तीवर आली. ताशी ६०-६५ किलोमीटर ही तिची परमावधि. खिंडींतला चढ ती न अडतां चढते, पण खालच्या गियरमध्यें, बैलगाडीच्या धीरानें. मुंबई-गोवा महामार्गावर मागून मालमोटार येत असतां झटकन पुढें निघून जाण्याची सोय तिच्यांत नाहीं, आणि हा केवळ गैरसोयीचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे. शिवाय आपोआप पेटणाऱ्या इंधनाचा धक्का ठिणगीच्या इंजिनाहून कठोर असतो. सिलिंडर एकच, त्यामुळें तो धक्का झेलावयास दुसरा जोडीदार नाहीं. तो सांगाड्यांतून मूठ, बैठक आणि पावडी यांच्यापर्यंत पोंचतो. नटबोल्ट सैल होतात, दिवे फुटतात, हाताला मुंग्या येतात. पेणच्या शाडूच्या मूर्ति या गाडीवरून न्यावयास कोणी मूर्तिकार धजणार नाहीं. आणि शेवटीं धूर. ओझें वाढलें किंवा तेलाचा फवारा बिघडला, कीं काळा धूर मागून चालणाऱ्याच्या नाकांत जातो.

तिच्या काटकसरीविषयींहि एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. त्या काटकसरीचा कांहीं भाग डिझेलचा, तर कांहीं भाग तिच्या मंदपणाचा होता. जी गाडी जोरानें धांवूंच शकत नाहीं, ती तेलहि कमीच खाणार. हें मर्म बाजारानें लौकरच ओळखलें. १९८५ सालीं हिरो होंडाची १०० घनसेंटिमीटरची हलकी पेट्रोल मोटारसायकल निघाली होती. ती तितकीच मजल मारी, आणि तिला ना धूर, ना हादरा. टॉरसचा जो एकमेव मोठा दावा, तोच या हलक्या गाड्यांनीं हिरावून घेतला. इकडे धुराचे नियम १९९० च्या दशकांत कडक होत गेले आणि २००० सालीं आणखी कडक झाले. त्याच सुमारास टॉरसचें उत्पादन थांबलें. पुढें २०१४ सालीं डिझेलचा भाव बाजारावर सोडण्यांत आला, आणि स्वस्त इंधनाचा उरलासुरला आधारहि गेला.

मग पेणच्या कार्यालयापुढें उभ्या राहिलेल्या मालकानें काय करावें? रोजच्या कमाईसाठीं ती चालवावयाची असेल, तर हिशेब आज तिच्या बाजूचा नाहीं. लहान पेट्रोल गाडी तेंच काम अधिक सुखानें करील, आणि घरांतील मुलांना धूरहि खावा लागणार नाहीं. परंतु इंजिन शाबूत असेल, फवारा नीट राखलेला असेल आणि वर्षांतून थोडेच दिवस ती बाहेर काढावयाची असेल, तर ती मोडींत घालण्याची घाई करूं नये. डिझेलवर चालणारी मोटारसायकल कारखान्यांत बनवून सर्वसामान्य गिऱ्हाइकाला विकण्याचा प्रयत्न जगांत फार थोड्यांनीं केला. तो या देशांत झाला. तो फसला हें खरें, पण पेट्रोल परवडत नसतांहि ज्यांना दूर जावें लागे, अशा माणसांच्या गरजेंतून तो जन्मला होता. त्या गरजेची खूण म्हणून ही फटफटी एखाद्या पडवींत उभी राहिली, तर ती अडगळ ठरणार नाहीं.